करंगळीतलं वळं

दगड दळायच्या खोलीच्या दाराशी एक पसरट ताट ठेवलेलं असे. आत जाणाऱ्याने अंगावरचा सगळा धातू त्या ताटात काढून ठेवायचा, असा तिथला कडक नियम होता. अंगठ्या, घड्याळं, कानातलं, केसांतल्या पिना, सगळं. संचालक एकदा पाहुण्यांना घेऊन आले, तर त्यांनाही अंगठी काढायला लावली, आणि ती साबण लावूनही निघेना तेव्हा पाहुणे आत आणि संचालक बाहेर अशी वरात झाली. हा नियम ज्यांनी केला आणि दारावर लाल रंगाने स्वतःच्या हाताने रंगवला, त्यांना सगळी संस्था मातीसर म्हणत असे.

नियमाला कारण होतं. मातीसर जे शोधत होते ते मालगाडीभर गव्हात मोहरीचा एखादा दाणा शोधण्यासारखं होतं. तिथे कुणाच्या अंगठीचा कण पडला, की दाणा गव्हातला की अंगठीतला हे देवालाही सांगता यायचं नाही.

शोधत काय होते? आभाळातून पडलेल्या एका दगडाची धूळ. सरांच्या तरुणपणी त्यांच्याकडे शहराबाहेरच्या मोठ्या माळाचं काम आलं होतं. गुरुत्व मोजायचं यंत्र पाठीवर घेऊन त्यांनी तो माळ पायाखाली घातला. थांबायचं, यंत्र समतल करायचं, आकडा लिहायचा, पुढे चालायचं. सगळे आकडे नकाशावर मांडल्यावर माळाच्या मधोमध एक गोल उमटला. त्या गोलात जमिनीची ओढ जराशी कमी होती, म्हणजे खाली काहीतरी हलकं भरलेलं होतं. वाडग्यात गाळ भरावा तसं. सर तेव्हापासून म्हणत आले की ते वाडगं म्हणजे खड्डा आहे, युगांपूर्वी आभाळातून एक प्रचंड दगड पडला त्याचा. बाकीचे म्हणत आले की जुनं तळं असेल, नाहीतर खालचा खडकच हलका असेल. सर तरुण होते तेव्हा लोक वाद घालायचे. सर म्हातारे व्हायला लागले तसे लोक हसायला लागले.

माळाच्या मध्यावर खोल भोक पाडलं असतं तर एका झटक्यात निकाल लागला असता. पण इथेच घोडं पेंड खात होतं. संचालक म्हणायचे, नुसत्या ओढीच्या आकड्यांवर मी एवढं मोठं यंत्र माळावर उभं करणार नाही, आधी इरिडियम दाखवा. इरिडियम नावाचा धातू जमिनीच्या वरच्या थरांत जवळजवळ नसतो आणि आभाळातल्या दगडांत त्यामानाने भरपूर असतो. आसपासच्या एखाद्या जुन्या थरात तो सापडला, की दगड पडला होता हे मान्य करावंच लागतं. सरांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. विहिरी, खाणी, ओढ्यांचे काठ, काही सोडलं नाही. उमेदीची सगळी वर्षं गेली आणि हाती आला तो फक्त मातीसर हा किताब.

घरी याची थट्टा व्हायची. बायको दात बनवायच्या दुकानात काम करायची. दातांचे डॉक्टर साचा पाठवायचे आणि ती आणि तिची भागीदारीण त्यावरून टोप्या, कवळ्या, दातात बसवायचे खिळे असं सगळं घडवायच्या. तिच्या बोटांत जादू होती आणि जिभेला धार. एकदा उरलेल्या तारेच्या तुकड्याचं तिने स्वतःसाठी एक बारीक वळं केलं, साधं, पांढरट, खडा नाही की नक्षी नाही. सरांसाठीही करते म्हणाली, तर सर म्हणाले, नको, रोज ताटात काढून ठेवावं लागेल, कधीतरी हरवेल.

"अहो, तुमच्या दगडांना सवत खपत नाही," ती म्हणाली. "मी मात्र एवढ्या सवती खपवून घेतल्या."

सर हसले होते. ते वळं कशाचं आहे हे त्यांनी विचारलं नाही. जगातल्या प्रत्येक दगडाला तुझ्यात काय आहे असं विचारत हिंडणाऱ्या माणसाने बायकोच्या बोटात काय आहे हे कधीच विचारलं नाही. दातांची तार, एवढं त्यांना माहीत होतं आणि तेवढं पुरेसं वाटलं होतं.

मग ती आजारी पडली. सरांनी कामाकडे पाठ फिरवली. आजारपण लांबलं, आशा लावत राहिलं आणि शेवटी तिला घेऊन गेलं. शेवटच्या दिवसांत बोटं इतकी बारीक झाली की वळं आपोआप गळून पडायचं. सरांनी ते उचलून स्वतःच्या करंगळीत घातलं, हरवू नये म्हणून. ती गेल्यावर ते काढायचं कारणच उरलं नाही. आणि पुढे सांधा सुजला, तेव्हा काढायचं म्हटलं तरी निघेना.

ती गेली त्याच सुमारास माळाच्या कडेची टेकडी कापायला घेतली होती, रस्ता रुंद करायला. कापलेल्या भिंतीत बोटभर जाडीचा एक काळपट चिकणमातीचा थर उघडा पडला होता. जन्मभर ज्याला शोधलं तो थर. पण ठेकेदाराने सांगितलं, लवकरच इथे काँक्रीटची भिंत उभी राहणार, माती घसरू नये म्हणून. म्हणजे त्यानंतर तो थर पुन्हा कुणालाच दिसणार नव्हता. सरांच्या डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं, तरी ते उठले आणि टेकडीवर गेले.

तिथे त्यांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीने काम केलं, आणि ही पद्धत नीट सांगायला हवी. चिकणमाती कुठे सुरू होते आणि रेती कुठे संपते हे डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळतं. सर चिमटीत माती घेऊन चोळायचे. करकरली तर रेती, लोण्यासारखी पसरली तर चिकणमाती. हातमोजा घातला तर हे कळत नाही, म्हणून हात उघडा. कळलं की माती तळहातावर घ्यायची आणि करंगळीच्या कडेने पाकिटात लोटायची. थराच्या वर, थराच्या खाली, आणि थराच्या आत तर केसाकेसाच्या अंतराने. थराच्या मधल्या भागात त्यांनी पुन्हा पुन्हा चोळून पाहिलं, कारण जीव तिथेच अडकला होता. आयुष्यात एवढं हळुवारपणे आपण दुसरं काही हाताळलं नाही असं त्यांना त्या दिवशी वाटलं. निदान त्यांचा तरी तसा समज झाला.

दळायच्या खोलीत ते आले तेव्हा वळं बोटातच होतं. त्यांनी वर हातमोजा चढवला आणि आत गेले. दारावरच्या लाल अक्षरांखालून, ती अक्षरं ज्याची, तोच माणूस. यंत्रवाल्या बाईंनी ते पाहिलं. या बाई संस्थेतलं मोजायचं मोठं यंत्र सांभाळायच्या, सरांना धाकट्या बहिणीसारख्या होत्या. दुसरा कुणी असता तर बाईंनी त्याला दारातूनच परत पाठवला असता. पण दुःख ताजं होतं. बाई मूग गिळून गप्प बसल्या.

निकाल आला तेव्हा बाई स्वतः कागद घेऊन धावत आल्या. थराच्या खाली नावापुरतं, वर नावापुरतं, आणि थराच्या आत इरिडियमचा आकडा चढत चढत मध्यावर शिखराला जाऊन पुन्हा उतरलेला. पुस्तकात काढतात तशी टेकडी. सरांनी कागद पाहिला, खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. आपला आनंद पाहायला ती नाही एवढंच त्यांच्या मनात आलं.

पुढचे महिने कौतुकाचे होते. जे हसायचे तेच आता आम्हाला आधीपासून वाटत होतं म्हणू लागले. संचालकांनी सरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि खरोखरच भोक पाडायचं यंत्र माळावर नेऊन उभं केलं. सरांची निवृत्ती तोंडावर आली होती. तिच्या आधी पहिलं भोक सुरू करायचं ठरलं. परगावी राहणारी लेक दर रविवारी फोन करायची, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा तिला बापाचा आवाज ओळखीचा वाटू लागला.

शोधनिबंध पाठवण्याआधी सर बाईंना म्हणाले, त्याच पाकिटांतलं प्लॅटिनमही मोजून टाका, निबंध भक्कम होईल. आभाळातल्या दगडांत प्लॅटिनम इरिडियमच्या साधारण दुप्पट असतं. तेवढंच निघणार, मग कुणाला बोट ठेवायला जागा नको.

बाईंनी मोजलं. आणि मग त्या आल्या नाहीत. दुपारभर वाट पाहून सरच यंत्राच्या खोलीत गेले. बाई पडद्याकडे पाहत बसल्या होत्या. त्यांनी खुर्ची मागे सरकवून सरांना जागा करून दिली. दुप्पट नव्हतं. नऊपट होतं. प्रत्येक पाकिटात नऊपट, इरिडियम कमी तिथे प्लॅटिनमही कमी, जास्त तिथे जास्त, पण प्रमाण तेच. निसर्ग इतका नेटका कधी वागत नाही. इतकं नेटकं माणसाच्या कारखान्यातच होतं.

सरांनी पडद्याकडून नजर काढली ती सरळ स्वतःच्या करंगळीवर गेली. बाईंची नजर तिथे आधीच होती.

"मी पाहिलं होतं, सर," बाई म्हणाल्या. "दारातच अडवायला हवं होतं. माझी जीभ उचलली नाही."

"खोलीत हातमोजा होता," सर म्हणाले. "खोलीतलं नाही हे. टेकडीवरचं आहे, तिथे हात उघडा होता."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "प्लॅटिनम कुणी मागितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात म्हणून मोजलं. नसतं मोजलं तर?"

त्या एका प्रश्नाने सरांना किती छळलं हे सांगून खरं वाटणार नाही. यंत्र माळावर उभं होतं. तोंड बंद ठेवलं तर भोक पडणार होतं. आणि खड्डा तिथे आहे यावर सरांचा आजही विश्वास होता, वाडगं तर खोटं नव्हतं. मग एक आकडा लपवून खरीच गोष्ट बाहेर आली तर बिघडलं कुठे? आणि बोललं तर? भिंत बांधून झालेली, थर तिच्यामागे कायमचा गाडलेला, पुन्हा माती मिळणं नाही, निवृत्ती समोर. बोललं तर सगळं संपलं. घरी जाऊन ते रिकाम्या स्वयंपाकघरात बसले आणि त्यांनी बायकोला मोठ्याने विचारलं, अगं, काय करू? त्यांना तिचा राग आला. मग रागाची लाज वाटली, आणि त्या लाजेपायी ते आणखी खचले.

एक आशा मात्र होती, आणि बुडणाऱ्याने धरावी तशी सरांनी ती धरली. वळ्यात प्लॅटिनम आणि इरिडियमचं प्रमाण नेमकं किती, हे अजून कुणाला माहीत नव्हतं. समजा वळ्यात ते बारापट असलं आणि मातीत नऊपट निघालं, तर मातीत वळ्याखेरीज दुसरंही काही आहे असा अर्थ होईल. आभाळातली थोडी धूळ मिसळल्याशिवाय बाराचे नऊ व्हायचे नाहीत. मग प्रत्येक पाकिटातून वळ्याचा वाटा वजा करता येईल, आणि जे उरेल ते आभाळाचं. आयुष्यभराचं काम आता एका वजाबाकीवर आलं होतं.

वळं काढायला ते बायकोच्या दुकानात गेले. भागीदारीण तिथेच होती, त्याच लांब बाकावर, डोळ्याला भिंग लावून एका दाढेची टोपी घासत. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर साच्यांचे खोके ठेवलेले होते. तिने सरांचं बोट हातात घेतलं, खालून पत्र्याची पट्टी सरकवली आणि केसाएवढ्या करवतीने वळं कापलं.

"हे कशाचं आहे, वहिनी?" सरांनी विचारलं.

"तुम्हाला माहीत नाही?" ती चकित झाली. "प्लॅटिनमची तार. खिळ्यांना वापरायचो आम्ही. नुसतं प्लॅटिनम मऊ पडतं, म्हणून इरिडियम घालून येते."

"किती घालून?"

"ते काही सांगता यायचं नाही. कधी दहात एक भाग, कधी त्याहून कमी. जशी यायची तशी घ्यायचो." तिने वळं त्यांच्या तळहातावर ठेवलं. "तळहाताकडच्या बाजूने केवढं झिजलंय बघा. तिच्या हातात तर असं नव्हतं. तुम्ही रेतीत हात घालता वाटतं?"

सरांनी मान हलवली. कधी त्याहून कमी, हे तीन शब्द मात्र त्यांनी दुकानातून मनात जपून आणले.

बाईंनी वळ्याचा अगदी बारीक किस काढला आणि तो तीव्र आम्लात टाकून तापवत ठेवला. तो लवकर विरघळेना. सर काचेसमोर बसून राहिले. पाणी हळूहळू पिवळं, मग नारिंगी होत गेलं. बाई म्हणाल्या, सर, तुम्ही बाहेर जाऊन बसा, चहा घ्या. ते हलले नाहीत. जन्मात हजारो दगड त्यांनी असे विरघळवले होते, पण बोटातली वस्तू विरघळताना पाहणं वेगळं असतं. ते मनातल्या मनात याचना करत होते. कुणाकडे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. बारा निघू दे. अकरा निघाले तरी चालेल. साडेदहा.

नऊ निघाले.

बाईंनी पुन्हा मोजलं. नऊच. सरांनी वजाबाकी तरीही केली, प्रत्येक पाकिटाची, स्वतःच्या हाताने, कारण केल्याशिवाय राहवलं नाही. खालच्या थराची, वरच्या थराची, मधल्या शिखराची. सगळीकडे शून्य. आणि ते शिखर तरी नेमकं थराच्या मधोमध का आलं, तेही आता लख्ख कळलं. जिथे जीव जास्त गुंतला तिथे हात जास्त फिरला, जिथे हात जास्त फिरला तिथे वळं जास्त झिजलं. कागदावरची ती देखणी टेकडी आभाळाने काढलेली नव्हती, त्यांच्याच मायेने काढलेली होती.

खड्डा नव्हता असं यातून ठरत नव्हतं, हीच खरी यातना होती. तो असेल, नसेल. या मातीने होही म्हटलं नाही आणि नाहीही. तिच्यात आभाळाची धूळ मोजता येईल एवढी नव्हती, एवढंच.

ते संचालकांकडे गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. संचालकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दार लावून घेतलं, सरांना बसवलं आणि समजावलं. एका अंगठीपायी संस्थेची शोभा करायची का? तुम्ही आठ-पंधरा दिवसांत मोकळे व्हाल, भोक पडू द्या, खाली खड्डा निघाला तर आज बोललात काय आणि नाही काय, सारखंच. हे अगदी आपल्याच मनातलं बोलताहेत, असं सरांना वाटलं. रोज दुपारी आपण स्वतःला हेच सांगत होतो.

"मी तुम्हाला अंगठी काढायला लावली होती," सर म्हणाले. "पाहुण्यांसमोर."

संचालकांनी उठून दार उघडलं. दुसऱ्याच आठवड्यात माळावरचं यंत्र ट्रकवर चढवून परत गेलं. ते जाताना बघायला सर गेले नव्हते. पण शहरातून जाणारा रस्ता संस्थेवरूनच जातो, त्यामुळे खिडकीतून त्यांना ते दिसलंच. जे हसायचे ते पुन्हा हसले. या वेळी त्यांच्याकडे कारण होतं, आणि कारण सरांनीच पुरवलं होतं.

नोकरीच्या शेवटच्या दिवसांत सर खोली आवरत होते. कपाट रिकामं करून द्यायचं होतं. नकाशे बांधून झाले, यंत्राची जुनी पेटी कोपऱ्यात गेली. टेकडीवरच्या पाकिटांचा खोका तेवढा राहिला. काही कामाचा नसलेला नमुना टाकून द्यायचा, हाही त्यांचाच नियम. कचऱ्याची टोपली त्यांनी पायाने जवळ ओढली. तेवढ्यात लेकीचा फोन आला. रविवार नव्हता. तिला कुठूनतरी कळलं होतं.

बापाने तिला सगळं सांगितलं, करवतीचं, नारिंगी पाण्याचं, नऊचं.

"आणि वजा करून काय उरलं, बाबा?" शेवटी तिने विचारलं.

"काही नाही," सर म्हणाले. "एवढी वर्षं मी आभाळ शोधत होतो. त्या मातीत सगळी तुझी आईच होती."

लेक म्हणाली, "ती पाकिटं कुठे आहेत?"

"समोर आहेत. टाकायचीच होती."

"टाकू नकोस," ती म्हणाली. "मी येते न्यायला."

सरांनी फोन ठेवला. टोपली पायाने परत भिंतीशी सारली, आणि पाकिटं टेकडीवर होती त्या क्रमाने, खालचं खाली आणि वरचं वर, खोक्यात पुन्हा रचायला घेतली.